जोडीतली डोणी

"आक्का, ह्या डोणीला नाक कशाला केलं असंल वो?"

त्या घरच्या सुनेनं सहज विचारलं. गोठ्यात दोन म्हशी, एक वासरू, आणि त्यांच्या पुढ्यात ती पडलेली. लांबट, अरुंद, सागाच्या फळ्यांची, बुडाला डांबर फासलेली. आत हिरवट पाणी, त्यावर कडब्याचा भुसा. एक टोक कुठल्याही डोणीचं असतं तसं सरळ, आणि दुसरं निमुळतं होत होत वर उचललेलं. त्या उचललेल्या टोकालाच वासराचं दावं बांधलं होतं.

मी तुळजापूरला दर्शनाला आले होते. परत उमरग्याला निघताना ड्रायव्हरला म्हटलं, गाडी जरा आत घे, माहेरचं गाव बघून जाऊ. बघायचं काय होतं? गावात आता आमचं कुणी नाही. तलावात वेड्या बाभळी माजल्यात, शेळ्या चरतात. चहाला म्हणून ह्या घरात बसवलं, चहा पिऊन उठले नि गोठ्याकडं नजर गेली. मी तशी फाटक्या तोंडाची बाई आहे, कुणी काही विचारलं की माझं उत्तर तयार असतं. पण डोणीच्या काठावर हात ठेवला, बोटांना ती चौकोनी खाच लागली, आणि उत्तर द्यायचं सोडून मी ती खाचच चाचपत राहिले.

त्या खाचेत आडवं लाकूड बसायचं. त्या लाकडाच्या दुसऱ्या टोकाला ह्या डोणीची जुळी बहीण होती.

आमचे अण्णा शाळामास्तर. उर्दूतून शिकलेले. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं आणि एका उन्हाळ्यात ते मराठीतून शिकवायला लागले. हजेरी घेताना आम्ही पोरं मात्र कितीतरी वर्षं 'हाजिर'च म्हणायचो, आणि अण्णाही हसून पुढचं नाव घ्यायचे. हसायचे ते तेव्हा. शाळेच्या मागं तलाव, काळ्या दगडी बांधाचा, निजामाच्या काळातला. बांधावर करंजाची झाडं. दुपारी करंजाच्या सावलीत म्हशी पाण्यात बसलेल्या, वर बगळे, आणि धुण्याचे आवाज बांधावर आपटून परत यायचे. मला अजून कधी कपडा आपटल्याचा आवाज आला की आधी तो बांध दिसतो.

दत्तू माझ्या पाठचा भाऊ. गुऱ्हाळ उठलं की गुळाची काहील धुवायला तलावावर आणायचे. ती मोठी लोखंडी काहील, चार माणसांनी उचलायची. धुऊन झाली की पोरं तिच्यात बसून पाण्यावर मिरवायची, दरवर्षीचंच होतं ते. पण गोल भांडं ते, त्याला पुढं नाही नि मागं नाही, नुसतं गरगर फिरतं. दत्तू एकटाच बसला होता. मध्यावर गेला, भ्याला, हातातली काठी सुटली. ती धरायला एका कडेला वाकला. एवढंच. काहील उलटी झाली तेव्हा फार आवाजसुद्धा झाला नाही. पोरांना वाटलं, बुडी मारली.

त्याला बाहेर काढला तेव्हा त्याच्या सदऱ्याला गुळाचा वास येत होता. ताज्या गुळाचा वास मला आजही सोसत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, संक्रांतीचा तिळगूळ माझ्या सुना शेजारच्या घरात जाऊन करतात.

त्या उन्हाळ्यात आई पाणी आणायला तलावाच्या वाटेनं जाणं सोडून लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जायला लागली. अण्णा शाळेतून आले की ओसरीवर कडब्याच्या पेंढीशेजारी बसायचे. एक दिवस बघते तर ज्वारीच्या धांड्याची साल सोलतायत. साल काढली की आतून पांढरं हलकं भेंड निघतं. आमच्याकडची सगळी लेकरं त्याचे बैल करतात, गाड्या करतात, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे टोचतात. अण्णांनी त्याची होडी केली. आईची परात ओढली, पाणी ओतलं, होडी सोडली, आणि मला म्हणाले, फुंकणी आण.

चुलीची फुंकणी ती, आतून राखेचा वास. मी फुंकलं. होडी लगेच आडवी.

"एकटी आहे," अण्णा म्हणाले. "एकटी असली की उलटते." मग दुसरी तशीच केली, दोन्ही शेजारी ठेवल्या, मधे हात बसेल एवढी जागा सोडून आडवे धांडे लावले, काटे टोचले. पिंपळाच्या पानाचं शीड केलं. "आता फुंक, जोरात फुंक."

मी गाल दुखेपर्यंत फुंकलं. ती डगमगायची, एक बाजू उचलायची, पण दुसरी तिला धरून ठेवायची. परातीच्या काठाला जाऊन टेकली की अण्णा तिला फिरवून परत माझ्याकडं तोंड करून ठेवायचे. तेवढ्यात आई आली. परात उचलली, पाणी अंगणात फेकून दिलं, आणि त्याच परातीत पीठ घेऊन मळायला बसली. "भाकरी करायच्यात," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही गोठ्यातल्या घमेल्यात होड्या सोडायला लागलो.

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही सोलापूरला एका नातेवाइकाकडं होतो आणि अण्णा काही दिवस एकटेच खाली कोकणात राहिले होते. तिथं त्यांनी समुद्र पाहिला होता. कोळ्यांच्या होडीला एका बाजूनं आडव्या काठ्या काढून पाण्यावर लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, त्याला ते लोक उलांडी म्हणतात, त्यानं होडी कलंडत नाही, हे ते मला आधीही सांगायचे. तेव्हा ती गोष्ट होती. आता त्यांनी ती धरून ठेवली. एका बाजूला ओंडका नको, दोन्ही बाजूंना होडीच पाहिजे, सारख्या, जुळ्या. आणि ती लेकरांसाठी पाहिजे. गावातल्या प्रत्येक लेकरानं त्यात एकटं बसून तलावाच्या पैल काठाला जायचं आणि परत यायचं. जाऊन परत यायचं, हे ते इतक्यांदा म्हणायचे की मला झोपेतही ऐकू यायचं. दत्तू परत आला नव्हता, आणि अण्णांना कुणाचं तरी लेकरू त्या पाण्यावरून परत आलेलं बघायचं होतं. त्याशिवाय त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं.

गावचे सुतार गणपतमामा. त्यांचा जन्म बैलगाड्या करण्यात गेला, होडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तरी अण्णा भेंडाची होडी घेऊन गेले तेव्हा ते हसले नाहीत. हातात धरून उलटसुलट केली नि विचारलं, ही जाणार कोणत्या वाटेनं? अण्णा म्हणाले, पाण्यावरून. मामा म्हणाले, पाण्यापर्यंत कोणत्या वाटेनं? म्हणून मग दोन होड्यांमधलं, मामा त्यांना डोण्याच म्हणायचे, अंतर गाडीच्या दोन चाकांएवढं ठरलं, म्हणजे छकड्यावर लादून गाडीवाटेनं तलावावर नेता येईल. दोघं रोज भांडायचे. मामांना सगळं बाभळीचं जाडजूड पाहिजे, अण्णांना हलकं. मामा म्हणायचे, शीड मोठं करू, चांगलं पळंल. अण्णा म्हणायचे, पळायला नको, लेकरू आहे. दोरी एकच असावी, दोन असल्या की पोरं गोंधळतात. टोकदार काही नको. उभं राहायला जागाच नको, बसूनच राहायचं. मधे फळ्याही नकोत, बाजेसारखं विणून घेऊ, बाजेवर कसं बसायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

एकदा मामा वैतागून म्हणाले, "मास्तर, येवढी कसली भीती तुमाला? पोरं शिकत्यात की पडून झडून."

अण्णा म्हणाले, "गणपतराव, लेकरू घाबरलं की पहिल्यांदा हातातलं सोडतं. म्हणून सोडल्यावर थांबणारी होडी पाहिजे. दोरी सोडली की शिडातलं वारं गेलं पाहिजे आणि ती जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी."

मामांनी रंधा खाली ठेवला. त्यानंतर ते भांडले नाहीत.

फळ्या आल्या तामलवाडीकडच्या करोडगिरी नाक्याच्या. निजामाची हद्द होती तेव्हा तिथं जकात घ्यायचे. हद्द पुसली गेली, नाका ओस पडला, आणि त्याची सागवानी दारं गावानं आणून चावडीत टाकली होती. पंचांनी अण्णांना ती घेऊ दिली. दत्तूमुळं दिली, सगळ्यांना ठाऊक होतं. पण चेष्टा करायचेच. मास्तर, हिला बैल कोणते जुंपायचे? मास्तर, पेरणीला चालंल का ही? अण्णा त्यांच्याकडं न बघता निघून जायचे. मी मात्र शिव्या द्यायचे, मोठ्या माणसांनासुद्धा.

किती वास होते त्या दिवसांत. जुन्या सागाच्या भुशाचा कडवट वास. फटींत भरायला कापूस करडईच्या तेलात भिजवायचे नि राळ तापवून त्यावर ओतायचे, तो वास तर देवळातल्यासारखा. सडकेच्या कामावरून आणलेलं डांबर. अंबाडीचे दोर वळताना हाताला टोचणारी कूस, आणि त्या दोरांनी मामा नि अण्णा समोरासमोर बसून होडीची बाज विणायचे, एकानं दोर द्यायचा, दुसऱ्यानं ओढायचा, करकर करकर आवाज संध्याकाळपर्यंत. मी त्या बाजेवर झोपून वर बघत राहायचे. दत्तूला आवडलं असतं असं मला वाटायचं, आणि मग लगेच रडू यायचं.

शिडाला मांजरपाट आणला होता. अण्णांना शिवता येईना, शिंप्याला त्याचा आकार कळेना. ते कापड खुंटीवर लोंबत पडलं. एक दिवस मी शाळेतून आले तर खुंटी रिकामी, आणि आई परसात भिंतीकडं तोंड करून शिवत बसलेली. आमच्याकडं वाकळ शिवतात तो बारीक धावदोरा, चारी कडांनी फिरवलेला. वाकळीत घरातल्या सगळ्यांचं जुनं नेसूचं जातं, गेलेल्या माणसाचंसुद्धा, म्हणजे त्याची ऊब घरात राहते. शिडाच्या ज्या कोपऱ्याला दोरी बांधायची, जिथं सगळा ताण येतो, तिथं आईनं निळ्या चौकड्याचं ठिगळ लावलं होतं. दत्तूचा सदरा. अण्णांनी तो कोपरा हातात घेतला नि तसेच उभे राहिले. आई म्हणाली, "दोन पदरी लावलंय. फाटायचं नाही." मग आत गेली. होडीवरून त्या दोघांमधलं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं एवढंच बोलणं.

आता पुढचं सांगायला मला राग येतो. आमच्या मुलखातलं सगळं मृगाच्या आधी तयार लागतं. पाभर, कुळव, बियाणं, घरावरची माती, सगळं मृगाच्या आधी. हे कुणी ठरवत नाही, अंगातच आहे. तशीच होडीही आम्ही मृगाच्या आधी तयार केली. मास्तरांनी केली, मामांनी केली, गाव बघत होतं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की त्या दिवसांत तलाव तळाला गेलेला असतो. आमच्याकडं पाणी येतं ते हत्तीच्या, म्हणजे हस्ताच्या पावसानं, दसऱ्याच्या तोंडावर. आणि वारं असतं ते आषाढात.

आषाढात असं वारं सुटलं की अंगणात माणूस उभं राहीना. छपरावरचं गवत उडत होतं. होडी शाळेसमोर छकड्यावर बांधलेली, शीड गुंडाळलेलं. पोरांना राहवेना. मास्तर, तलावात तरी नेऊ या. अण्णांनी ऐकलं, कसं ऐकलं देव जाणे. बैल सोडून छकडा पोरांनीच ढकलत तळात नेला. वाळलेला गाळ, भेगाळलेला, वर कुठं कुठं टरबुजाचे वेल सुकलेले. जू वर बांधून टाकलं. मला बाजेवर बसवलं, दोरी हातात दिली, शीड सोडलं.

पोरांनी एकदा ढकललं. मग ढकलायची गरज राहिली नाही. शीड फुगलं, डोलकाठी कुरकुरली, आणि छकडा चालायला लागला, बैलांशिवाय, तलावाच्या तळावरून. धूळ, पोरांचा ओरडा, चाकांचा खडखडाट, माझ्या डोक्यावर ते निळं ठिगळ ताणून बसलेलं. माझं आयुष्य बरं गेलं म्हणतात लोक. असेल. पण मी तेवढा वेळच जगले असं मला अजूनही वाटतं.

"दोरी सोड," मागून अण्णा ओरडत होते, "सोड हातातलं."

मी सोडलं. शीड फडफडलं, रिकामं झालं, छकडा दोन भेगांवरून धडकत गेला आणि उभा राहिला. थांबला. अण्णा पळत आले, मला खाली उतरवून घेतलं, आणि तिथंच गाळात बसून चाकाला डोकं टेकवून रडले. त्याआधी ते रडले नव्हते, मी तरी पाहिलं नव्हतं. बरोबर केली होती त्यांनी होडी. अगदी बरोबर.

दसऱ्याला तलाव भरला. आई इतक्या दिवसांनी बांधावर आली. खण, नारळ, तांदूळ घेऊन तिनं तलावाची ओटी भरली, ज्यानं तिचं लेकरू घेतलं त्याची. होडी पाण्यावर ठेवली, अलगद तरंगली, थेंबभर पाणी आत आलं नाही. मला बसवलं. शीड सोडलं.

वारं नव्हतं. पानसुद्धा हलत नव्हतं. पाण्यात करंजाची झाडं उलटी, जशीच्या तशी, आणि शीड डोलकाठीला लोंबत होतं वाळत घातल्यासारखं. गाव बांधावर बसलं. ऊन चढलं, उतरलं. गणपतमामा म्हणाले, दोरी बांधून ओढू का पैल काठाला? अण्णा म्हणाले, "ओढून नको. तिचं तिनं जाऊन आलं पाहिजे." एकेक करून माणसं उठून गेली. दिवेलागण झाली तेव्हा आई अण्णांजवळ गेली नि म्हणाली, चला घरी. माझ्या पायाखाली सबंध दिवस ते पाणी होतं, मला त्याची भीतीही राहिली नव्हती, आणि मी काठापासून हातभरसुद्धा गेले नाही.

पुढच्या साली पाऊसच रुसला. त्याच्या पुढं पाणी आलं ते पुन्हा वारं पडल्यावर. दरवर्षी आषाढात अण्णा बांधावर उभं राहून वाऱ्याकडं पाठ करायचे, आणि दसऱ्याला पाण्याकडं तोंड करून बोट ओलं करून वर धरायचे. मधल्या काळात होडी शाळेमागच्या छपरात आढ्याला टांगलेली, चिमण्यांनी त्यात घरटी केली. मी वाढत होते. लहान लेकरांसाठी मापून केलेली ती होडी, एका साली बाजेवर बसून बघितलं तर माझे गुडघे हनुवटीला लागले. अण्णांनी पाहिलं. दुसऱ्या लेकरांच्या आया धाडेनात, आणि अण्णांनीही कुणाला म्हटलं नाही. त्यानंतर माझं लग्न झालं, उमरग्याला आले.

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा भादवा होता. त्या साली कधी नव्हे तो भादव्यातच धो धो लागला होता, दोन ठिकाणी एसटी अडकली. पोचले तेव्हा अंगणात गुडघाभर चिखल, आणि माणसं सरणाच्या लाकडासाठी घरोघर हिंडत होती. सगळं ओलं. गोवऱ्यांचा लगदा झालेला. गणपतमामा, म्हातारे झालेले, दारात उभे होते, शाळेकडं बघत. आईच उठली.

"शाळेमागं कोरडं लाकूड हाय," ती म्हणाली. "ते काढा. पण एकच काढा. दुसरी राहू द्या."

मामांनी स्वतः पहार घालून आडवी लाकडं काढली. अंबाडीची बाज कोयत्यानं तोडली, त्या दोरांचा आवाज मी ऐकला. शिडाचं काय झालं मला माहीत नव्हतं, नंतर कळलं, आईनं ते अण्णांच्या अंगावर घातलं होतं, ठिगळाचा कोपरा छातीवर.

मसणवाट तलावाच्या काठाला. बायका जात नाहीत, आम्ही बांधावर उभ्या राहिलो. पाऊस थांबला होता. तलाव काठोकाठ भरलेला. आणि वारं सुटलं होतं, चांगलं आषाढातल्यासारखं, पाण्यावर बारीक लाटा उठवणारं. सागाची डोणी लगेच पेटली. धूर वर गेलाच नाही. आडवा पडून पाण्यावरून निघाला, सरळ, पैल काठाकडं.

आई बघत होती. तो पैल काठाला टेकला तेव्हा ती म्हणाली, "गेले." आणि तशीच उभी राहिली. कशाची वाट बघत होती ते मला कळत होतं. वारं फिरलं नाही.

आईला मी उमरग्याला घेऊन आले. निघायच्या आधी तिनं राहिलेली डोणी शेजारी देऊन टाकली, जनावरांना पाणी प्यायला.

"काय झालं वो आक्का? बसता का?" त्या घरची सून विचारत होती. मी म्हटलं, काही नाही, होडी होती गं ही. म्हणजे निम्मी. माझ्या वडिलांनी केलेली. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून हसायची थांबली. पदर सारखा करून म्हणाली, मग तुमीच न्या की. आमी आता शिमिटाचा हौद बांधणार हाय, ही नुसती आडवी येती. ड्रायव्हरही आला, चांगला पोरगा आहे, म्हणाला, टपावर बांधतो आजी, नीट बसेल.

मी डोणीच्या काठावरून हात फिरवला. खाचेपाशी थांबला. घरी नेऊन काय करणार होते मी? अंगणात ठेवून तिच्याकडं बघत बसणार होते का?

"नको गं," मी म्हटलं. "एकटी आहे ती. उलटते."

तिला काही कळलं नाही. तिनं वासराचं दावं सैल केलं, नि ते पुढं सरकून पाणी प्यायला लागलं.